स्पोर्ट्स कारला रुंद टायर टाकावेत का? साइज, रिम, ऑफसेट आणि ग्रिपची संपूर्ण माहिती

काही वर्षांपूर्वी मोबाइल घेताना आपण सगळ्यात आधी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघायचो. १०८ मेगापिक्सेलचा फोन १२ मेगापिक्सेलवाल्यापेक्षा नऊपट चांगला फोटो काढत नाही, हे आता बहुतेकांना कळून चुकलंय. सेन्सर, लेन्स, सॉफ्टवेअर हे सगळं बघावं लागतं. टायरच्या बाबतीत मात्र आपण अजून मेगापिक्सेलच्याच काळात आहोत. "२१५ काढ, २४५ टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल" हा सल्ला रील्सवर, यूट्यूबवर आणि टायरवाल्याच्या दुकानात सगळीकडे मिळतो. तो पूर्ण खोटा नाही. पण त्यातलं खरं किती आणि कुठे लागू होतं, हे कळलं नाही तर पैसे जातात, आणि पावसात वेळ आली तर गाडीही हातातून जाते.

हे सगळं मी एकाच गाडीवर समजावून सांगणार आहे, ती म्हणजे टोयोटा जीटी८६. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण गेम्समध्ये तुम्ही ती नक्की चालवली असेल. नावातला ८६ हा जुन्या एई८६ कोरोलावरून आलाय, तीच ‘इनिशियल डी’ वाली. माझा मावसभाऊ जर्मनीत कोलोनजवळ राहतो. त्याने सेकंडहँड जीटी८६ घेतली आणि महिन्याभरातच मला मेसेज टाकला, "दादा, २४५ टाकू का?" तेव्हा त्याच्यासाठी केलेली आकडेमोड इथे मांडतोय. गणित तेच राहतं, त्यामुळे तुमच्याकडे स्विफ्ट किंवा आय२० असली तरी उपयोगी पडेल.

कंपनीने मुद्दाम अरुंद टायर दिले होते

जीटी८६ आली २०१२ मध्ये. टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेली, दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, साधारण २०० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद. अशा गाडीला लोकांनी रुंद, मऊ रबराचे टायर अपेक्षित धरले होते. मिळाले २१५/४५ आर१७ साइजचे मिशेलिन प्रायमसी एचपी. हा टायर प्रियसच्या काही व्हेरिएंटनाही मिळत होता. मायलेजसाठी प्रसिद्ध असलेल्या हायब्रिड गाडीचा टायर स्पोर्ट्स कारला! "प्रियसचे टायर" हा विनोद तेव्हापासून या गाडीला चिकटला तो चिकटलाच.

पण हे कंजुषीतून झालेलं नव्हतं. मुख्य इंजिनीअर तेत्सुया तादा यांची कल्पना अशी होती की ग्रिपची मर्यादा खाली ठेवली तर सामान्य ड्रायव्हरलाही कमी वेगात गाडी सरकताना जाणवेल, ती सावरता येईल आणि मजा येईल. खूप ग्रिप असलेल्या गाडीत ती मर्यादा गाठायची तर आधी भलताच वेग गाठावा लागतो, आणि तिथे चुकायला जागा नसते. म्हणून या गाडीला रुंद टायर टाकणं म्हणजे कंपनीने विचारपूर्वक घेतलेला एक निर्णय बदलणं. बदलू नये असं मी म्हणत नाही. पण काय बदलतोय हे माहीत असू द्या.

साइडवॉल म्हणजे टायरचं स्पेसिफिकेशन पेज

२१५/४५ आर१७ ८७डब्ल्यू. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ही रुंदी एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंतची असते, जमिनीला टेकणारा पट्टा त्याहून कमी. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या ४५ टक्के. इथेच बहुतेक जण फसतात. २१५ च्या ४५ टक्के म्हणजे सुमारे ९७ मिमी, आणि २४५ च्या ४५ टक्के म्हणजे ११० मिमी. पहिला आकडा बदलला की भिंतीची उंचीही आपोआप बदलते. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात.

मग ८७ हा लोड इंडेक्स. हा आकडा किलो नाही, कोड आहे. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. नवा टायर कितीही रुंद असला तरी त्याचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. रुंद पण बुटके टायर कधी कधी इथे मार खातात. साइडवॉलवर एक्सएल लिहिलेलं असेल तर तो जास्त वजन झेलतो, पण ते वजन जास्त हवा भरल्यावरच. शेवटचं अक्षर वेगाचं: एच २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. एवढा वेग आपण कुठे गाठणार, असं वाटेल. पण हे अक्षर टायर उष्णता किती सहन करतो याचंही माप आहे, म्हणून त्यातही खाली उतरू नका.

आणखी एक चार अंकी आकडा शोधा, डॉट कोडच्या शेवटी असतो. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. "स्टॉक क्लिअरन्स"मध्ये स्वस्तात मिळणाऱ्या रुंद टायरवर हा आकडा आधी वाचा, मग भाव करा.

रुंद टायरने ग्रिप वाढते का?

आता मूळ प्रश्न. सगळ्यांच्या डोक्यात असतं की टायर रुंद म्हणजे जास्त रबर जमिनीला लागणार. चला, मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

जीटी८६ चं वजन साधारण १,२४० किलो. चार चाकांत वाटलं तर एका चाकावर ३१० किलो. टायरमध्ये हवा ३५ पीएसआय. टायर जमिनीला किती जागेवर टेकेल हे ढोबळमानाने या दोन गोष्टींवरून ठरतं, वजन भागिले हवेचा दाब. उत्तर येतं साधारण १२५ चौरस सेंटीमीटर. तुमच्या हातातल्या साडेसहा इंची फोनचं क्षेत्रफळ मोजा, जवळपास तेवढंच भरेल. म्हणजे ताशी १०० किमी वेगाने वळण घेणारी आख्खी गाडी चार मोबाइलएवढ्या रबरावर उभी असते. चारही जागा एकत्र केल्या तरी ए४ कागद भरत नाही.

आणि या गणितात रुंदी कुठे आली? आलीच नाही. टायर रुंद केला, वजन तेच, हवा तेवढीच, तर टेकणारी जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो. आधी ती १८ सेंमी रुंद आणि ७ सेंमी लांब होती असं धरा. आता ती २१ सेंमी रुंद आणि ६ सेंमी लांब होईल. म्हणजे फोन उभ्याचा थोडा आडवा केल्यासारखं. प्रत्यक्षात टायरची भिंतही थोडं वजन उचलते, त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतात, पण मुख्य गोष्ट हीच.

मग रेसिंगच्या गाड्यांना एवढे रुंद टायर का असतात? कारण आकार बदलल्याचाही फायदा होतो. वळणावर टायरचं रबर जमिनीला पुढच्या टोकाला टेकतं आणि मागे सरकता सरकता बाजूला ताणलं जातं. मागच्या टोकाला पोचेपर्यंत ताण इतका वाढतो की रबर घसरायला लागतं. टेकलेली जागा लांबीला कमी असेल तर रबराला एवढं ताणलं जायला वेळच मिळत नाही, त्यामुळे जास्त भाग पकडून राहतो. खोडरबर कागदावर टेकवून बाजूला ढकलून बघा, अंदाज येईल. स्टिअरिंग वळवल्यावर रुंद टायरची गाडी चटकन वळते, ती यामुळेच.

दुसरा फायदा उष्णतेचा. रुंद टायरमध्ये रबर जास्त असतं, म्हणून ट्रॅकवर सलग जोरात चालवताना तो उशिरा तापतो आणि उशिरा झिजतो. तिसरी गोष्ट थोडी आडवळणाची आहे. रुंदीमुळे टायर झीज सहन करू शकतो, म्हणून कंपनीला त्यात मऊ रबर वापरायला मोकळीक मिळते. लोक ज्याला "रुंद टायरची ग्रिप" म्हणतात, त्यातला मोठा वाटा पुष्कळदा या मऊ रबराचा असतो. त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात आणि श्रेय मात्र रुंदीला देतात.

याचा पुरावा टोयोटानेच दिलाय. पुढची पिढी जीआर८६ आली तेव्हा इंजिन २.४ लिटरचं झालं आणि ताकदही चांगलीच वाढली. रुंदी किती ठेवली? २१५ च! वरच्या व्हेरिएंटला २१५/४० आर१८ साइज आणि टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. रिम एक इंचाने मोठं झालं, पण जास्त ग्रिप हवी होती तेव्हा कंपनीने रबर बदललं, रुंदी नाही. मावसभावाला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं. त्याचं उत्तर होतं, "पण दादा, मागून बघितल्यावर २१५ अगदी सायकलसारखा दिसतो." दिसण्यासाठी टायर बदलणं हेही एक कारण आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. फक्त त्या कारणाला ग्रिप म्हणू नका.

व्यास जपा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलेल

टायरचा पूर्ण व्यास काढायचा सोपा हिशोब असा: रिमचा व्यास इंचात गुणिले २५.४, अधिक भिंतीची उंची दोनदा. २१५/४५ आर१७ साठी ४३१.८ अधिक १९३.५, म्हणजे ६२५.३ मिमी. आता पर्याय बघा.

२२५/४५ आर१७: ६३४.३ मिमी, म्हणजे १.४ टक्के मोठा.
२३५/४० आर१७: ६१९.८ मिमी, ०.९ टक्के लहान.
२४५/४० आर१७: ६२७.८ मिमी, ०.४ टक्के मोठा.
२३५/४५ आर१७: ६४३.३ मिमी, जवळपास २.९ टक्के मोठा.

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. व्यास २.९ टक्के वाढला तर जिथे गाडी आधी खरोखर १०० ने जायची, तिथे आता ती जवळपास १०३ ने जाईल आणि काटा मात्र हललेला नसेल. युरोपातल्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, जास्त दाखवलं तर ठरावीक मर्यादेत चालतं. कंपन्या म्हणूनच तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. मोठ्या व्यासाचा टायर हीच राखीव जागा खातो. शिवाय व्यास वाढला की प्रत्येक गिअर थोडा उंच होतो, पिकअप थोडा मंदावतो. स्पोर्टी दिसण्यासाठी टायर टाकले आणि गाडी आळशी झाली, अशी गंमत होते. बरेच जण तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं सांगतात. मी स्वतः दीड टक्क्याच्या पलीकडे जायला तयार नसतो.

आपल्या स्विफ्टचंच बघा ना. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. टायर २० मिमी रुंद, रिम एक इंच मोठं, पण व्यास ६१९.६ आणि ६२१.५. दोन मिलिमीटरचाही फरक नाही. कंपनी असं करते, आपणही असंच करायचं.

रिम किती रुंद आहे, हे कोणी विचारतच नाही

दुकानात "१७ चं रिम आहे" एवढंच सांगितलं जातं. पण रिमला व्यास असतो तशी रुंदीही असते. जीटी८६ चं मूळ रिम ७ इंच रुंद. २१५/४५ आर१७ टायर ७ ते ८ इंच रुंदीच्या रिमवर बसवायचा असतो, म्हणजे मूळ टायर आधीच खालच्या टोकाला आहे. २२५/४५ आर१७ ला ७ ते ८.५ इंच लागतं, तर ७ इंचावर तो नियमात बसतो, जेमतेम. पण २३५/४० आणि २४५/४० या दोन्हींना कमीत कमी ८ इंच हवं.

म्हणजे मावसभावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. मूळ रिमवर २४५ नाही. "बसतो हो, आम्ही कितीतरी बसवलेत" असं सांगणारे भेटतात. बसतो, खरं आहे. हवा भरली की टायर रिमवर चढतोच. पण अरुंद रिमवर रुंद टायर फुग्यासारखा बाहेर फुगतो, भिंती उभ्या राहत नाहीत, आणि वळणावर चाक एकीकडे आणि टायर दुसरीकडे असं लवचिक वागणं सुरू होतं. ज्या धारदार स्टिअरिंगसाठी पैसे घातले तेच बोथट होतं. कडेचं रबर नीट टेकत नाही, मधलं जास्त झिजतं. माझ्या मते अरुंद रिमवरच्या २४५ पेक्षा योग्य रिमवरचा २१५ कधीही चांगला चालेल.

रिमची रुंदी कुठे लिहिलेली असते? बहुतेक अलॉयच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या मागे. १७ गुणिले ७ जे, आणि पुढे ईटी ४८ असं काहीतरी. चाक काढलं असेल तेव्हा मोबाइलने फोटो काढून ठेवा, पुढे शंभर वेळा लागतो.

ऑफसेट: चाक आत घासणार की बाहेर?

ते ईटी ४८ म्हणजे ऑफसेट. चाक जिथे गाडीच्या हबला टेकतं ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून ४८ मिमी बाहेरच्या बाजूला आहे, असा त्याचा अर्थ. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं.

समजा ७ इंचाऐवजी ८ इंच रुंद रिम घेतलं. रुंदी २५.४ मिमी वाढली. ऑफसेट ४८ च ठेवला तर रिम दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढेल. आतल्या बाजूला सस्पेन्शनचा स्ट्रट असतो, तिथे एवढी जागा आहे का, हे मोजावं लागतं. ऑफसेट ३५ घेतला तर आतली बाजू जवळपास जिथल्या तिथे राहते आणि सगळी वाढ बाहेर, २५.७ मिमी. मग चाक मडगार्डच्या कडेला येऊन ठेपतं आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की टायर घासतो. ४५ घेतला तर आत ९.७ आणि बाहेर १५.७. यातलं कोणतं बरोबर, हे आकड्यावरून नाही तर तुमच्या गाडीत मोजून ठरतं: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, आणि मागे माणसं बसवून. रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून "काही घासत नाही" म्हणणं म्हणजे विमान मोडमध्ये बॅटरी टेस्ट करण्यासारखं आहे.

बोल्टचं वर्तुळही जुळायला हवं. जीटी८६ ला पाच बोल्ट, १०० मिमी वर्तुळावर. मधलं भोक ५६.१ मिमी. बाहेरच्या रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतो.

पावसाचं काय?

हा भाग मी जास्त सावकाश वाचायला सांगेन. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि रस्त्यावर पाणी साचणं ही काही बातमी नाही.

ओल्या रस्त्यावर टायरला पुढचं पाणी बाजूला सारावं लागतं. रस्त्यावर ३ मिमी पाणी आहे आणि गाडी १०० ने चालली आहे असं धरा. टायरची पूर्ण रुंदी हिशोबात घेतली तर २१५ च्या टायरला दर सेकंदाला सुमारे १८ लिटर पाणी हटवावं लागतं. २४५ ला २० लिटरच्या वर. म्हणजे प्रत्येक सेकंदाला पाण्याचा एक जार, आणि तोही एकाच चाकाने! शिवाय रुंद टायरची टेकलेली जागा लांबीला कमी, म्हणजे पाणी बाहेर काढायला वेळही कमी. पाणी निघालं नाही की टायर त्यावर तरंगतो. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी काही होत नाही आणि गाडी जिथे चालली होती तिथेच जात राहते.

नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र आलं: तरंगण्याचा वेग म्हणजे हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.६, उत्तर ताशी किमीमध्ये. हे नक्षी संपलेल्या टायरसाठी किंवा पाणी खाचांपेक्षा खोल असताना लागू होतं, आणि कारच्या टायरसाठी अंदाजापुरतंच घ्यायचं. तरी बघा: ३५ पीएसआयला ९८ किमी, २५ पीएसआयला ८३ किमी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारची वेगमर्यादा १०० आहे. हवा कमी ठेवून आणि झिजलेले रुंद टायर घेऊन जुलैत तिकडे जाणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

खाचांची खोली कायद्याने कमीत कमी १.६ मिमी हवी. नक्षीमध्ये छोटे उंचवटे असतात, टायर झिजत तिथपर्यंत आला की संपला. रुंद टायर असतील तर मी ३ मिमीलाच बदलायला सांगतो. ट्रॅकसाठीचे जे अर्धवट गुळगुळीत टायर मिळतात, ते कोरड्यात जादू करतात, पण पावसाळ्यात त्यांच्यावर ऑफिसला जाऊ नका.

फक्त मागचे दोन रुंद केले तर?

महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना मागे रुंद, पुढे अरुंद टायर दिसतात, म्हणून ही इच्छा होते. जीटी८६ ला चारही सारखे आहेत आणि तिचं सस्पेन्शन त्यावर बसवलंय. फक्त मागे रुंद केले तर मागची पकड वाढते, पुढची तीच राहते. वळणावर गाडी वळण्याऐवजी सरळ ढकलली जाते. धोका फार नाही, पण या गाडीची सगळी गंमत गेली. उलट पुढे रुंद आणि मागे अरुंद केलं तर मागचा भाग अचानक बाहेर येतो, ते कुणीच करू नये. पुढचे-मागचे व्यास वेगळे झाले तर एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलला चाकांचे फेरे जुळत नाहीत, मग ती यंत्रणा नको तेव्हा मध्ये येते. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही.

कागदपत्रं

जर्मनीत गाडीच्या कागदांत कोणते टायर साइज मान्य आहेत ते नोंदवलेलं असतं. त्याबाहेरचा साइज टाकला तर ट्यूफसारख्या संस्थेकडून तपासून नोंद करून घ्यावी लागते. नाही केली तर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच धोक्यात येते, मग विम्याचं विचारायलाच नको. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे अधोरेखित केलंय. म्हणून सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीनेच दिलेला साइज. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि मॅन्युअल बघा. अपघातानंतर सर्व्हेअर आधी चाकांकडे बघतो, ही गोष्ट टायरवाला सांगणार नाही.

मग मावसभावाने काय घेतलं?

त्याच्याकडे तीन रस्ते होते. पहिला, ८ इंची रिम्स, २४५/४० टायर आणि ट्यूफची नोंद. दुसरा, मूळ रिमवर २२५/४५, पण त्याच्या कागदांत १७ इंचासाठी फक्त २१५/४५ होता, म्हणजे दहा मिलिमीटरसाठी पुन्हा नोंदीचा खटाटोप. तिसरा, साइज तोच, टायर मात्र चांगल्या मऊ रबराचे, स्पोर्ट्स उन्हाळी.

तो महिन्यातून एखाद्या वेळी न्युर्बुर्गरिंगला जातो. २०.८ किमीचा तो जुना ट्रॅक ठरावीक दिवशी सामान्य गाड्यांना तिकीट काढून चालवायला मिळतो. तो दर आठवड्याला तिथे जाणार असता आणि एकामागोमाग फेऱ्या मारणार असता, तर मी २४५ ला हो म्हटलं असतं, तिथे उष्णतेचं कारण खरं ठरतं. पण वर्षातले बाकीचे दिवस तो ऑफिसला जातो आणि तिथे पाऊस कधीही येतो. त्याने तिसरा रस्ता घेतला. वाचलेल्या पैशांत ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं, आणि हिवाळ्यासाठी वेगळा सेट घेतला. तिकडे बर्फात डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर लागतात.

आता त्याची तक्रार अशी की मागचा भाग पूर्वीसारखा पटकन सरकत नाही, गाडी जरा जास्तच शहाणी झाली. तादांना हेच तर टाळायचं होतं!

युरोपात टायर घेणाऱ्यांसाठी एक टीप. मे २०२१ पासून तिथल्या टायरच्या लेबलवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशा श्रेणीत, आवाज डेसिबलमध्ये, सगळं अधिकृत डेटाबेसमध्ये दिसतं. दोन साइजमध्ये अडकला असाल तर रुंदीच्या आधी ही श्रेणी बघा.

बसवून झाल्यावर

नवे टायर पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. वेगळे रिम टाकले असतील तर ५० ते १०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अलाइनमेंट करा आणि त्याची प्रिंट मागून घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. रुंद टायर टाकल्यावर गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांच्या मागे थोडी ओढली जाते, स्टिअरिंग किंचित जड होतं, आवाज वाढतो. तो बिघाड नाही. पण पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात ‘खर्र’ असा आवाज आला, तर त्याच दिवशी चाक काढून आतली बाजू टॉर्च मारून बघा. टायरच्या भिंतीवर घासल्याची चमकदार रेघ दिसली तर तो साइज तुमच्या गाडीला बसलेला नाही.